क्रेझी क्विल्ट

क्रेझी क्विल्ट : विषम आकारांचे व निरनिराळ्या रंगपोतांचे कापडाचे तुकडे, कोणत्याही ठराविक भौमितिक रचनेविना, एका आधारवस्त्रावर परस्परांना लगटून बसवून आणि त्यांचे सांधे शोभादायक भरतकामाने झाकून तयार केलेले आच्छादन. हा कलाप्रकार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत विकसित झाला आणि १८८०–९० या दशकात त्याच्या लोकप्रियतेने कळस गाठला. रेशीम, मखमल, साटीन, किनखाब, फिती व लेस ही त्याची प्रमुख सामग्री होय. वरकरणी स्वैर दिसणारी ही रचना प्रत्यक्षात पूर्वनियोजित असते आणि तिच्यातील तुकडे पुष्कळदा करणारीच्या कुटुंबातील व्यक्तींच्या वस्त्रांचे असतात. त्यामुळे क्रेझी क्विल्ट हे सुईकामाचा नमुना असते, तसेच कौटुंबिक स्मृतींचे साधनही असते.

संज्ञा : इंग्रजी ‘क्विल्ट’ म्हणजे रजई किंवा दुलई. वरचे कापड, मधला कापसाचा वा लोकरीचा थर आणि अस्तर हे तीन थर आरपार टाक्यांनी जखडून ती तयार होते. क्रेझी क्विल्टमध्ये मधला थर बहुधा नसतो आणि आरपार टाक्यांची जाळीही नसते. म्हणून काटेकोर अर्थाने ते क्विल्ट नव्हे. ‘क्रेझी’ या विशेषणाचा आजचा रूढ अर्थ ‘वेडा’ किंवा ‘वेडावाकडा’ असा आहे. तथापि ज्या जुन्या क्रियापदापासून ते आले, त्याचा मूळ अर्थ ‘तडकणे, फुटणे’ असा होता. मातीच्या भांड्यांवरील झिलईला बारीक तडे जाऊन जे जाळे उमटते, त्याला कुंभारकामाच्या परिभाषेत आजही याच धातूपासून बनलेला शब्द वापरतात. तडकलेल्या झिलईसारखी दिसणारी तुकड्यांची मांडणी, हा अर्थ या क्विल्टच्या रूपाशी अधिक जुळतो.

पार्श्वभूमी : कापडाचे उरलेले तुकडे जोडून पांघरुणे शिवण्याची प्रथा अमेरिकेत यापूर्वीही चांगलीच रुजलेली होती. ही तुकडेजोड मात्र बहुधा सुती कापडाची व शिस्तबद्ध असे. चौकोन, त्रिकोण, समभुज चौकोन यांसारखे आकार मोजून कापले जात आणि त्यांतून तारा, चक्र, लाकडी ओंडक्यांचे घर इ. आकृतिबंध पुनःपुन्हा योजले जात. एखादा कोन चुकला, तर संपूर्ण ओळ बिघडे. क्रेझी क्विल्टने हे बंधन झुगारले. परंतु त्याच्या जागी तोलाचे व रंगसंगतीचे अधिक सूक्ष्म बंधन आणले.

या बदलास निमित्त झालेली घटना म्हणून फिलाडेल्फिया येथे १८७६ मध्ये भरलेल्या शतसांवत्सरिक प्रदर्शनाचा निर्देश केला जातो. अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेस शंभर वर्षे पूर्ण झाल्याबद्दल भरविलेल्या या प्रदर्शनास सु. एक कोटी प्रेक्षकांनी भेट दिली. त्यातील जपानी विभागाने लोकांचे लक्ष विशेष वेधून घेतले. जपानी मृत्पात्रे, पडदे, पंखे व वस्त्रे यांवरील असममित रचना, रिकाम्या जागेचा उपयोग आणि तडकलेल्या बर्फासारखे नक्षीकाम पाश्चात्त्य डोळ्यांना अपरिचित होते. त्याच प्रदर्शनात लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ आर्ट नीडलवर्क या १८७२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने आपले भरतकाम मांडले होते. ते पाहून प्रभावित झालेल्या कँडेस व्हीलर यांनी १८७७ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘सोसायटी ऑफ डेकोरेटिव्ह आर्ट’ ही संस्था स्थापन केली आणि स्त्रियांच्या सुईकामाला कलेचा व अर्थार्जनाचा दर्जा मिळवून देण्याचा प्रयत्न केला. जपानी असममिती आणि इंग्लिश कलात्मक भरतकाम या दोन प्रवाहांच्या संगमातून क्रेझी क्विल्टची दृश्यशैली आकारास आली, असे म्हणता येईल.

प्रसाराची कारणे : केवळ प्रदर्शनाच्या प्रभावामुळे एवढी मोठी लाट उसळली नसती, तिला आर्थिक व तांत्रिक बदलांची जोड मिळाली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात आयात रेशमी कापडावर भारी जकात बसली आणि तिच्या आश्रयाने देशी रेशीमउद्योग वाढला. न्यू जर्सी राज्यातील पॅटरसन हे या उद्योगाचे केंद्र ‘रेशीमनगरी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पूर्वी श्रीमंतांपुरते मर्यादित असलेले रेशीम मध्यमवर्गीय स्त्रीच्या आवाक्यात आले. विल्यम हेन्री पर्किन याने १८५६ मध्ये शोधून काढलेल्या जांभळ्या कृत्रिम रंगानंतर अनेक नवे भडक रंग बाजारात आले होते. शिवणयंत्र घरोघरी पोहोचल्याने साध्या शिवणाचे ओझे हलके झाले आणि हातातील सुई शोभेच्या कामाकडे वळली. स्त्रियांच्या नियतकालिकांतून टाक्यांचे नमुने प्रसिद्ध होऊ लागले. रेशमी तुकड्यांची पुडकी, भरतकामाच्या रेशमी धाग्याचे उरलेसुरले तुकडे, छिद्रांकित कागदावरील नमुने आणि तयार भरलेली फुलेपाखरेही टपालाने मागविता येत. ज्यांना एवढाही वेळ नव्हता त्यांच्यासाठी क्रेझी क्विल्टचे चित्र छापलेले कापड विक्रीस आले. हातच्या कामाची हौस आणि कारखान्याचा माल अशा रीतीने एकमेकांना पूरक ठरले.

रचनातंत्र : संपूर्ण क्विल्ट एकसंध न करता ते बहुधा चौरस खंडांत केले जाते. एका खंडाची बाजू साधारणतः ३० ते ४५ सेंमी. असते. मलमल किंवा तत्सम स्वस्त सुती कापडाचा चौरस आधारासाठी घेतात. पहिला तुकडा एका कोपऱ्यात अथवा मध्यभागी बसवितात; मध्यभागी बसवावयाचा असल्यास पाच बाजूंचा तुकडा सोयीचा ठरतो, कारण त्याच्या कडांना समांतर रेषा क्वचितच येतात. पुढचा प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या कडेवर थोडा चढवून, त्याची कडा आत दुमडून, टाचण्यांनी व कच्च्या टाक्यांनी पक्का करतात. दुसऱ्या पद्धतीत नवा तुकडा आधीच्या तुकड्यावर उलटा ठेवून कडेने शिवतात व मग सुलटा उलटून दाबतात. आधारवस्त्र पूर्ण झाकले गेले, की प्रत्येक सांध्यावर भरतकाम केले जाते आणि कच्चे टाके उसवून काढले जातात.

या पद्धतीचा एक महत्त्वाचा परिणाम असा, की वस्त्राचा सर्व ताण आधारवस्त्र सोसते. वरच्या तुकड्यांवर तो फारसा येत नाही. त्यामुळे साध्या तुकडेजोडीत एकत्र शिवणे कठीण जाणारी जाड मखमल, निसरडे साटीन व विरविरीत रेशीम येथे शेजारी शेजारी नांदू शकतात. खंड परस्परांना जोडून झाल्यावर रेशमी वा सुती अस्तर लावतात, ते मागून जागोजागी टाका घेऊन बांधतात आणि कडेला मखमलीची पट्टी, लेस किंवा गोफ लावतात. अशी क्विल्टे अंथरुणावरील पांघरुणापेक्षा पुष्कळदा लहान असत. त्यांची जागा शयनगृहात नसून दिवाणखान्यात असे. कोचाच्या पाठीवर किंवा पियानोवर ती पसरून ठेवीत.

रंगयोजनेत काळ्या व गडद तपकिरी मखमलीला विशेष महत्त्व असते. तिच्यावर डोळा विसावतो आणि शेजारचे उजळ रेशीम खुलून दिसते. एकाच रंगाचे दोन तुकडे शेजारी येऊ नयेत, लांबट तुकड्यांच्या रेषा एका दिशेने वाहू नयेत, चार कोपरे एका बिंदूत मिळू नयेत, असे संकेत पाळले जातात. बेशिस्तीचा भास निर्माण करण्यासाठी पाळावी लागणारी ही शिस्त म्हणजेच या कलेचे मर्म होय. ती पाळली गेली नाही, तर क्विल्ट स्वैर न दिसता केवळ गबाळे दिसते.

टाके व आकृतिबंध : सांधे झाकण्यासाठी पिसाच्या आकाराचा फेदर टाका व मासळीच्या काट्यासारखा दिसणारा हेरिंगबोन टाका हे सर्वाधिक वापरले जातात. त्यांखेरीज काजाचा टाका, साखळी टाका, लेझी डेझी व गाठीचा टाका यांची नाना प्रकारे संयोजने करतात, उदा., हेरिंगबोनच्या प्रत्येक फुलीवर दुसऱ्या रंगाचा आडवा टाका घेणे किंवा फेदर टाक्याच्या टोकांवर गाठी बसविणे. निष्णात स्त्रिया एका क्विल्टमध्ये कोणत्याही दोन सांध्यांवर एकच नक्षी येऊ न देण्याचा कटाक्ष बाळगीत.

तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतही भरतकाम केले जाई. पंखा, कोळ्याचे जाळे, घुबड, मोरपीस, फुलपाखरू, घोड्याचा नाल, सूर्यफूल व कमळवर्गीय फुले हे आवडते विषय होते. कोळ्याचे जाळे शुभसूचक मानले जाई. पंखा व बगळा यांतून जपानी प्रभाव स्पष्ट दिसतो. सूर्यफूल व मोरपीस ही इंग्लंडमधील सौंदर्यवादी चळवळीची चिन्हे होती आणि ऑस्कर वाइल्ड याच्या १८८२ मधील अमेरिकेतील व्याख्यानदौऱ्याने त्यांना अधिकच प्रसिद्धी मिळाली. इंग्लिश चित्रकर्त्री केट ग्रीनअवे हिच्या पुस्तकांतील टोपडी घातलेली मुलेही अनेक क्विल्टांवर आढळतात. मखमलीवर तैलरंगांनी फुले रंगविणे, अरुंद रेशमी फितींनी पाकळ्या उठविणे, मणी व टिकल्या लावणे अशा जोडतंत्रांचाही उपयोग करीत.

आशय : क्रेझी क्विल्टचे खरे वेगळेपण त्यात वापरलेल्या तुकड्यांच्या पूर्वेतिहासात आहे. विवाहाचा पोशाख, बाळाचे अंगडे, पतीचा गळपट्टा, टोपीचे अस्तर, शोककाळातील काळे वस्त्र यांचे तुकडे त्यात एकत्र येतात. मैत्रिणींनी व आप्तांनी पाठविलेल्या तुकड्यांवर त्यांची नावे, आद्याक्षरे वा तारखा भरल्या जात. न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात सु. १८७७ मधील एक क्विल्ट आहे. इंडियाना राज्यातील टेमर नॉर्थ या स्त्रीने ते आपली मुलगी ग्रेस हिच्या स्मरणार्थ केले. ग्रेस त्याच वर्षी ऐन तारुण्यात निवर्तली होती. या प्रकारच्या अगदी आरंभीच्या क्विल्टांपैकी हे एक असल्याने, नवी शैली जन्मतःच शोक व स्मरण यांना वाहिलेली होती, हे ध्यानात येते.

कौटुंबिक जीवनाप्रमाणेच सार्वजनिक जीवनाचे पडसादही या वस्त्रांत उमटलेले आहेत. निवडणूक-प्रचाराच्या रेशमी फिती, प्रदर्शनांची व मेळाव्यांची स्मृतिचिन्हे, चिरुटांच्या जुड्या बांधावयाच्या पिवळ्या फिती अशी सामग्री त्यांत आढळते. अमेरिकेत स्त्रियांना देशव्यापी मताधिकार १९२० मध्ये मिळाला. त्यापूर्वीच्या काळात राजकीय फिती आपल्या क्विल्टमध्ये बसविणाऱ्या स्त्रियांनी मतपेटीऐवजी सुईने आपला कल नोंदविला, असे या नमुन्यांबाबत म्हणता येते. चर्चच्या निधीसाठी अल्प वर्गणी घेऊन देणगीदारांची नावे भरलेली क्विल्टेही करण्यात आली. ज्या स्त्रियांनी रोजनिशी वा पत्रे मागे ठेवली नाहीत, त्यांच्या नात्यांचा, आवडीनिवडींचा व दुःखांचा हाच एकमेव लेख कित्येकदा उरलेला असतो.

ओहोटी व प्रसार : या छंदावर टीकाही पुष्कळ झाली. त्यात वेळ व पैसा वाया जातो, रुची बिघडते, मुलींना रेशमाच्या तुकड्यांचे वेड लागते, असे आक्षेप घेण्यात आले; ज्या नियतकालिकांनी त्याचे नमुने छापले, त्यांतूनच पुढे त्याची थट्टा होऊ लागली. १८९० नंतर नागर भागांत या छंदाला ओहोटी लागली. ग्रामीण भागात मात्र लोकर, फ्लॅनेल व सुती कापड यांच्या तुकड्यांची साधी क्रेझी क्विल्टे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतही होत राहिली. त्यांत भरतकाम कमी व ऊब अधिक असे. दिवाणखान्यातील शोभावस्तू अशा रीतीने पुन्हा पांघरुणाच्या मूळ पदावर आली.

इंग्लंड, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांतही ही शैली पोहोचली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात वँगरॅटा येथील मॅरिअन गिब्सन हिने १८९१ मध्ये पूर्ण केलेले क्विल्ट तेथील वस्त्रकलेचा महत्त्वाचा नमुना मानले जाते.

रेशमाचा क्षय व जतन : या कलाप्रकाराच्या जतनापुढील मोठी अडचण त्याच्या सामग्रीतच दडलेली आहे. कच्च्या रेशमावर सेरिसीन नावाचा डिंकासारखा पदार्थ असतो. तो उकळून काढल्यावर रेशमाचे वजन सु. एक-चतुर्थांशाने घटते. रेशीम वजनावर विकले जात असल्याने ही घट भरून काढण्यासाठी कारखानदार ते धातूंच्या क्षारांच्या विद्रावात बुडवीत. काळ्या व गडद रंगांसाठी लोहक्षार व टॅनिन, तर उजळ रंगांसाठी पुढे कथिलाचे क्षार वापरले गेले. या प्रक्रियेने रेशीम जड, सुळसुळीत व भारदस्त वाटे. मूळ वजनाच्या दुपटीपर्यंतही भर घातली जाई. परंतु हे क्षार धाग्यातील प्रथिनांचा ऱ्हास घडवून आणतात आणि प्रकाशामुळे तो अधिक वेगाने होतो. परिणामी तंतू ठिसूळ होऊन कापड सरळ रेषांत चिरत जाते आणि अखेर त्याचा भुगा होतो. म्हणूनच जुन्या क्विल्टांत काळे व तपकिरी रेशीम सर्वांत आधी नष्ट झालेले आढळते. शेजारचे क्षारविरहित रेशीम, मखमल व वरचे भरतकाम मात्र शाबूत असते. काही ठिकाणी तर कापड नाहीसे होऊन केवळ टाकेच आधारवस्त्राला धरून राहिलेले दिसतात.

हा क्षय अंतर्गत असल्याने धुण्याने अथवा कोणत्याही लेपाने तो उलटविता येत नाही. केवळ त्याची गती कमी करता येते. त्यासाठी क्विल्ट प्रत्यक्ष सूर्यप्रकाशापासून दूर ठेवतात, प्रदर्शनात मांडताना प्रकाशाची तीव्रता सु. ५० लक्सपर्यंत मर्यादित करतात व थोड्या काळानंतर ते विश्रांतीसाठी काढून घेतात. घडी घातल्यास घडीच्या रेषेवरच कापड तुटते. म्हणून ते सपाट ठेवतात किंवा आम्लविरहित कागदाचा थर देऊन नळीवर गुंडाळतात. चिरलेल्या तुकड्यावर अतिविरळ रेशमी वा नायलॉनची जाळी टाक्यांनी बसवून सुटे धागे जागच्या जागी रोखतात. पूर्वी जीर्ण तुकडा काढून नवा बसविण्याची पद्धत होती. तिने क्विल्ट ताजेतवाने दिसे, पण ज्या वस्त्रासाठी तो तुकडा जपला गेला होता, त्याची खूणच पुसली जाई. आईच्या शोकवस्त्राच्या जागी बाजारातील काळे रेशीम बसविले, तर रंग भरून निघतो, अर्थ भरून निघत नाही. म्हणून मूळ तुकडा कितीही जीर्ण असला तरी तो काढू नये आणि तुकड्यांविषयीची कौटुंबिक माहिती लिहून ठेवावी, असाच जतनाचा आधुनिक दृष्टिकोन आहे.

भारतीय प्रकारांशी तुलना : महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ यांच्याशी क्रेझी क्विल्टचे ऐतिहासिक नाते नाही, तथापि दोहोंची तुलना उद्‌बोधक ठरते. गोधडीत जुनी लुगडी, धोतरे इत्यादींचे थर एकावर एक रचून ते सलग धावदोऱ्याने जखडले जातात. हा धावदोराच तिला बळकटी देतो. क्रेझी क्विल्टमध्ये टाका शोभेसाठी असतो व बळ आधारवस्त्राचे असते. गोधडी वापरून, धुऊन मऊ होत जाते आणि फाटल्यावर तिच्यावर नवे ठिगळ बसते. क्रेझी क्विल्ट वापरासाठी नसून पाहण्यासाठी असते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया ‘कवंद’ नावाची वाकळ करतात. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले होते. कवंदमध्ये तुकडे कडेपासून आत मध्याकडे धावदोऱ्याने बसवीत जातात आणि चारही कोपऱ्यांना ‘फुला’ नावाचे दुमडलेले तुकडे लावतात. तुकड्यांची मुक्त मांडणी व वापरलेल्या वस्त्रांविषयीची आत्मीयता ही मात्र या सर्व प्रकारांत समान आहे.

पुनरुज्जीवन : अमेरिकेत १९७० नंतर क्विल्टांकडे कलावस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी निर्माण झाली. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातील १९७१ चे क्विल्ट-प्रदर्शन आणि १९७६ चा स्वातंत्र्य-द्विशताब्दी महोत्सव यांनी तिला चालना दिली. पेनी मॅक्‌मॉरिस यांचा क्रेझी क्विल्टवरील ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. नेब्रॅस्का राज्यातील लिंकन येथील आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात या प्रकाराचे अनेक नमुने जतन केलेले आहेत. नव्याने हा छंद जोपासणाऱ्या स्त्रिया संपूर्ण क्विल्टऐवजी पिशव्या, भित्तिचित्रे किंवा एकेक खंड करतात. काही मंडळांत एकच खंड टपालाने हातोहात फिरतो व प्रत्येक सभासद त्यावर आपले टाके घालते.

दीर्घकाळ क्षुल्लक बायकी छंद म्हणून उपेक्षिल्या गेलेल्या या वस्त्रांचा उपयोग आता सामाजिक इतिहास, वस्त्ररसायन व स्त्रीजीवन यांच्या अभ्यासासाठी होऊ लागला आहे. त्यांपैकी क्षारयुक्त रेशमाचे नमुने मात्र कमी होत जाणार, हे निश्चित आहे. त्यामुळे जे तुकडे अद्याप ओळखता येतात, त्यांची नोंद व छायाचित्रण करणे हे या विषयातील सर्वांत निकडीचे काम ठरते.